दाखल्यावर नसलेली चार वर्षं

अक्का, तू गेलीस त्याला आज पस्तीस दिवस झाले. माझं खरं वय ठाऊक असलेलं आणि ते माझ्या तोंडावर सांगणारं एकुलतं एक माणूस त्या दिवशी गेलं. काकांना ठाऊक आहे, पण सोयीचं नसलं की त्यांना आठवत नाही. बाकी साऱ्या जगाला, म्हणजे लातुरातल्या आमच्या शिकवणीच्या मालकाला, बँकेला, आधार कार्डाला आणि परवापरवापर्यंत माझ्या बायकोलासुद्धा, मी एकोणचाळीस वर्षांचा होतो.

भेटायला येणारा जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलतो. किती बायकांची बाळंतपणं केली, रात्री-अपरात्री गेली, कुणाला नाही म्हणाली नाही. सगळं खरं आहे, पण मला ते लिहायचं नाही. आपला एक वाद अर्धा राहिलाय. तो पुरा करायला बसलोय, आणि ह्या खेपेला मी हरलोय हे तुला सांगायचंय. तू असतीस तर आधी दोन मिनिटं हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "आता फुडं काय करून राहिलास ते सांग." तेच सांगतो.

माझा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, करीचा, हे तुझं पाठ होतं. तू आठ वर्षांची. आदल्या दिवशीची पुरणपोळी आणि दूध ताटलीत घेऊन तू बसलेली, तेवढ्यात आईनं सुईणीला बोलवायला पिटाळलं. परत आलीस तर पोळी कुत्र्यानं नेलेली. "पोळी गेली न् तू आलास, सौदा काई बराबर झाला न्हाई," हे तू मला निदान तीस वेळा तरी ऐकवलं असशील.

पुढचं तुला ठाऊकच आहे, पण मला क्रमानं सांगू दे. भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन बघायला तू मला लातूरला आणलं होतंस. तू नर्सिंगला होतीस. म्हणून आपण दोघं राहिलो आणि आई-वडील राहिले नाहीत. त्याबद्दल आपण कधी फार बोललो नाही, आताही नको. किल्लारीजवळच्या आपल्या गावाची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायला लागली. जुनी रजिस्टरं मातीखाली गेली होती. हेडमास्तर नव्या वहीत नावं घेत होते आणि घरचं मोठं माणूस सांगेल ते वय लिहीत होते. मी नुकतीच अकरा वर्षं पुरी केलेली. म्हशी राखून वेळ उरला तर शाळेत जाणारा, म्हणून चौथीतच रखडलेला. काकांनी माझं वय सांगितलं सात. जन्मतारीख एक जून. आपल्याकडे अर्धा तालुका एक जूनलाच जन्माला येतो, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलं नाही. "नोकरीत चार वर्सं जास्ती मिळतील पोराला," काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मी पुन्हा तिसरीत बसलो. वर्गात सगळ्यांत उंच मीच.

माझं दहावीचं सर्टिफिकेट हातात घेतलंस तेव्हा तुला हे कळलं. काकांशी तू कडाकडा भांडलीस. मग ते बदलायचं तर किती खेटे घालावे लागतील ते ऐकून गप्प झालीस. पण त्या वर्षापासून दर करीला तुझा मला फोन यायचा. आशीर्वाद नाही, कौतुक नाही, नुसतं, "आज इतकी पुरी झाली रं तुला." बाकी लोक एक जूनला व्हॉट्सॲपवर केक पाठवायचे. आपल्या दोघांत तेवढं एक गुपित होतं. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

तुझ्या नोकरीतही तुला ह्या वयाचाच नाद होता. उपकेंद्रात जोडप्यांची नोंद ठेवायचं जाडजूड रजिस्टर असायचं, त्यात नवऱ्याच्या वयाचा एक रकाना. बाकीच्या सिस्टर तो अंदाजे भरायच्या. तू भरायची नाहीस. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा एका गड्याला तू पायरीवर बसवून धरलं होतंस. मूल होत नाही म्हणून बायकोला घेऊन आलेला, आणि स्वतः बाहेरच थांबायच्या बेतात असलेला.

"वय?"

"पस्तीस लिवा."

"भूकंपात केवढा व्हतास? कडंवर का पायावर?"

"पायावर की. पाचवीत व्हतो."

"मग चाळीस भरली की बाबा तुला. पस्तीस कशाला सांगून राहिलास?"

"माजं वय कशाला पायजे बाई? लेकरू काय मला हुनार हाय?"

"लेकरात निम्मा तू हायस. निम्म्याचं वय लिवते," तू म्हणालीस आणि चाळीसचा आकडा लिहून मोकळी झालीस. तो गडी हसला. मीही हसलो. माझ्या हसण्याकडे तू जरा जास्त वेळ बघितलंस, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं आणि मी मनावर घेतलं नाही. तू म्हणायचीस, नसबंदी म्हटलं की गडी शेतात पळतो आणि मूल होत नाही म्हटलं तरी गडी शेतातच पळतो. अशानं शेती तरी चांगली व्हायला पाहिजे होती.

मी शेतात पळणारा नव्हतो. मी शिकलेला होतो, त्यामुळे मी पुस्तकात पळालो. लातुरात बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवून माझं पोट भरतं. प्रजननाचा धडा मी इतक्यांदा शिकवलाय की झोपेत उठवलं तरी फळ्यावर आकृती काढीन. स्त्रीची बीजं जन्मतःच ठरलेली, पुरुषात मात्र शुक्राणू आयुष्यभर तयार होतात. हे वाक्य मी पोरांना शिकवत राहिलो आणि स्वतःला सोडवायला वापरत राहिलो.

काकांनी दिलेली ती चार वर्षं मी खरोखरच हातात असल्यासारखी वापरली. स्पर्धा परीक्षा कागदावरची वयोमर्यादा संपेपर्यंत देत राहिलो. मग शिकवणीत जम बसवायचा होता. मग आधी फ्लॅट, मग लग्न. तू म्हणायचीस, "बाळ्या, दाखला थांबंल, अंग थांबत न्हाई." मी म्हणायचो, पुरुषाला कसली घाई? चित्रपटातले हिरो बघ, पुढारी बघ, साठीत बाप होतात. तू म्हणायचीस, "हुत्यात की. एकाला झालं म्हनून समद्यांनी तितवर थांबायचं का?" मग मी तुला पुस्तकातलं वाक्य ऐकवायचो.

त्या वाक्याची तू जी वाट लावलीस ती कायम लक्षात राहील. तुझ्या ओट्याजवळ उभा राहून मी मोठ्या थाटात सांगत होतो की पुरुषाची पेशी रोज नवी असते, तिला वय नसतं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "मडकं आजचं हाय रं, पन कुंभाराचा हात किती वर्सांचा हाय?" दहा वर्षं जीवशास्त्र शिकवून मला जे सुचलं नाही ते तू भाकरी तव्यावर टाकता टाकता बोललीस. मी विषय बदलला.

वर्षाला बघायला आपण नांदेडला गेलो तो दिवस. माझं खरं वय अडतीस, दाखल्यावर चौतीस, आणि ती एकोणतीस. तिच्या वडिलांची एकच अट होती: पोरीत आणि मुलात पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. ते अंतर काकांच्या कृपेनं बरोब्बर पाच भरलं. एक जूनवरून काढलेल्या पत्रिकेत अठ्ठावीस गुण जुळले. तू माझ्या कानात म्हणालीस, "मास्तरच्या पेनानं ग्रहबी सरकले बग." मला हसू आवरेना. मग वर्षाच्या वडिलांनी तुला सरळच विचारलं, मुलगा चौतीसचा ना? तुझं हसू गेलं. तू म्हणालीस, "दाखल्यावर तसंच हाय." खोटं बोलली नाहीस आणि खरंही सांगितलं नाहीस. अक्का, तिथं तूही चुकलीस. मोठी होतीस, मेलीस, म्हणून मी ते झाकणार नाही. पण चूक तुझी पावशेर आणि माझी मणभर. तिथं बोलायचं तोंड माझं होतं आणि त्या तोंडात मी शिरा घालून बसलो होतो.

लग्नाला दोन वर्षं झाली तरी काही नाही म्हणून आम्ही नांदेडच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. लातुरात नको, कारण इथे प्रत्येक दवाखान्यात माझा एखादा जुना विद्यार्थी निघतो. फॉर्मवर पतीचं वय छत्तीस लिहिलं. खरं चाळीस होतं. माझी साधी तपासणी झाली, शुक्राणूंची संख्या ठीक आली. तो कागद मी तुला पेढे वाटावेत तसा दाखवला. तू चष्मा लावून वाचलास आणि म्हणालीस, "किती हायत ते कळलं. कसे हायत ते कुटं लिवलंय?" मी पास झालोय, तुला कळत नाही, असं मी म्हणालो. आणि मग सगळ्या तपासण्या वर्षाच्या सुरू झाल्या. तिच्या दंडात सुया, तिच्या पोटावर मशीन, तिच्याच गोळ्या. पहिल्यांदा दिवस राहिले आणि अडीच महिन्यांत गेले. मॅडम म्हणाल्या, असं एखाद्या वेळी होतं.

मग काकूंनी माहूरची टूम काढली. रेणुकामातेला नवस बोला, वर्षानं अनवाणी पायऱ्या चढाव्यात. तू रजा काढून बरोबर आलीस. मला वाटलं, तू ह्या सगळ्याला विरोध करणार. तू नारळ, खण, ओटी सगळं व्यवस्थित घेतलंस, आणि पायथ्याशी माझ्याकडे वळून म्हणालीस, "नवस दोगांचा हाय. चप्पल काड." वर्षा पुढं भराभर गेली. मी अर्ध्यात तीनदा बसलो. दम लागला, घाम फुटला. तू कमरेवर हात ठेवून वरच्या पायरीवर उभी होतीस. "चड, चड. देवीला तरी खरं वय सांग." आजूबाजूचे लोक बघत होते. मी हसण्यावारी नेलं. पण वर गाभाऱ्यात हात जोडले तेव्हा तेच डोक्यात होतं, आणि देवीलाही मी सांगितलं नाही.

ह्या जूनमध्ये दुसऱ्यांदा तेच झालं. तू आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिलीस. वर्षाला न्हाऊ घातलंस, बाजरीची भाकर आणि शेपूची भाजी बळंच खायला लावलीस, तिच्याजवळ बसून राहिलीस. निघायच्या दिवशी मला गच्चीवर बोलावलंस.

"तिला सांग आता. त्या लेकराला वाटून राहिलं की तिच्यातच खोट हाय."

"माझ्यात आहे असं कुठे सिद्ध झालंय?"

"न्हाई झालं. तपासलंच न्हाई तर हुईल कसं? डॉक्टरला खरं वय सांग, पुडची तपासनी कर. दोनदा पडलंय पोट तिचं. गडी चाळिशीच्या म्होरं असला की ते बी एक कारन असतं, माज्या ट्रेनिंगात सांगितलंय."

"तू नर्स आहेस अक्का, डॉक्टर नाहीस. आणि त्या दिवशी नांदेडला गप्प तूच बसलीस. आता मला शहाणपण शिकवू नको."

तू खाली जाऊन पिशवी उचललीस, वर्षाच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि बस स्टँडला गेलीस. मी सोडायलाही आलो नाही. हे वाक्य लिहिताना आत्ताही तोंड कडू झालंय. ज्या बाईनं मला वाढवलं, आपल्या स्टायपेंडमधून माझ्या वह्या घेतल्या, तिला मी "तू डॉक्टर नाहीस" म्हणालो. माफ कर म्हणायला आता कुणी नाही, तरी म्हणतो. माफ कर, अक्का.

दोन महिने बोलणं बंद. मला वाटलं, ह्या वर्षी करीला तुझा फोन येत नाही. वर्गात होतो, फोन थरथरला. बाहेर येऊन उचलला. तू म्हणालीस, "त्रेचाळीस." आणि ठेवून दिलास.

भाऊबीजेला मी आलो. तू ओवाळलंस. दाजींशी मी उसाच्या भावाबद्दल बोललो, तुझ्याशी वरणाबद्दल. तू "वाडू का" म्हणालीस, मी "थोडं" म्हणालो. दोघांच्याही मनात तेच होतं आणि दोघंही भात कालवत बसलो. गेटपाशी तू म्हणालीस, "पुडल्या वेळी वर्षाला आन." मी हो म्हणालो. त्यानंतर अकराव्या दिवशी दाजींचा फोन आला की तू उपकेंद्रातून आलीस, छातीत दुखतंय म्हणालीस, आणि लातूर यायच्या आत संपलीस.

तुझ्या तेराव्याला वर्षा आत पंगतीचं बघत होती. मी पाण्याचा जग न्यायला दारात आलो तर काकू चार बायांसमोर तिला म्हणत होत्या, "अक्कानं नोकरी करून दोन लेकरं वाडवली. तुला एक बी ठरंना. लोक म्हन्त्यात, बाळूला दुसरी बगावी." वर्षानं मान वर केली नाही. ती पुऱ्या लाटत राहिली. मी जग भरला आणि बाहेर गेलो. हो, बाहेर गेलो. तुझ्या फोटोला हार घातलेला होता, समोर समई होती, आणि मी लोकांना पाणी वाढलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला षंढ म्हणालो असतो. त्या दुपारी मला स्वतःची इतकी किळस आली की ती तुझ्या जाण्याच्या दुःखापेक्षा वर आली. त्याबद्दलही मला तुझा राग आला, कारण मला तुझ्यासाठी नीट रडताही आलं नाही.

चार दिवसांनी, शिकवणीत परभणीला लग्न आहे असं खोटं सांगून, मी एकटा नांदेडला गेलो. ते शेवटचं खोटं. मॅडमसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. शेड, हेडमास्तर, एक जून, त्रेचाळीस. त्या आधी पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या, मग चांगल्याच तापल्या. म्हणाल्या, हे आधी कळलं असतं तर पहिल्या वेळेनंतरच मी तुमची पुढची तपासणी सांगितली असती. नुसती संख्या बघून थांबले नसते.

तपासणी झाली. रिपोर्ट आला. शुक्राणूंच्या आतल्या डीएनएची मोडतोड जेवढी चालते त्यापेक्षा बरीच जास्त. मॅडमनी समजावून सांगितलं ते तुझ्यासाठी लिहितो, कारण तुला ऐकायला आवडलं असतं. पुरुषाचं दार एका दिवशी धाडकन बंद होत नाही, पण चाळिशीच्या आसपास उतार लागतो. हालचाल मंदावते, मोडतोड वाढते, दिवस राहायला वेळ लागतो आणि राहिलेले टिकायची खात्री कमी होते. एकट्या वयावर सगळं ढकलता येत नाही. माझी तंबाखू, सुटलेलं पोट, दिवसभराची खुर्ची, सगळ्यांचा त्यात हात आहे. दोनदा जे झालं ते ह्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण वर्षाच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत आणि माझी नाही, एवढं कागदावर आहे. तंबाखू आजपासून बंद करा, अडीच-तीन महिन्यांत शुक्राणूंची नवी फळी तयार होते, मग परत बघू. नाहीच जमलं तर पुढचे उपाय आहेत. आणि पुढच्या वेळी एकटे यायचं नाही. बायकोला सगळं सांगून, तिला घेऊन या.

म्हणजे कुंभाराच्या हाताबद्दल तू बोलली होतीस ते मॅडमनी दोन कागदांवर छापून दिलं.

वर्षाला सांगितलं तो रविवार होता. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर खाली बसलो आणि रिपोर्ट ठेवला, आणि सुरुवात शेवटाकडून नाही, शेडपासून केली. मला भीती वाटत होती. ती नांदेडला निघून जाईल ही भीती होती, आणि ती गेली तर तिला अडवायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. ती सोलत राहिली. सगळं झाल्यावर तिनं तीन प्रश्न विचारले.

"माझ्या बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"अक्कांना?"

"होतं. तिनं मला सांग सांग म्हणून जीव काढला. शेवटचं भांडण आमचं त्याच्यावरच झालं."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मला पहिल्यांदा झालं तेव्हा तुम्हाला शंका आली होती?"

अक्का, इथे मला सहज नाही म्हणता आलं असतं. "आली होती," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. दोन दिवस भाजी काय करायची आणि दूध आलं का, एवढंच बोलणं. तिसऱ्या दिवशी ती शिकवते त्या प्राथमिक शाळेत जायला निघाली, आणि दारात उभी राहून वर्गातल्या आवाजात म्हणाली, "काकू जे सगळ्यांसमोर बोलल्या ते सगळ्यांसमोर मागे घ्यायचं. आणि नांदेडला बाबांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

शनिवारी आम्ही दोघं जीपनं गावी गेलो. काकांच्या ओसरीवर काका, काकू, शेजारची दोन माणसं, तेराव्याला होत्या त्यातल्या दोघी बाया. मी त्यांना निरोप देऊनच बोलावलं होतं. मी उभ्यानंच म्हणालो की मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, तपासणीत दोष माझ्यात निघालाय, वर्षात नाही, आणि तिला ह्यावरून कुणी एक शब्द बोललं तर मी ह्या घराची पायरी चढणार नाही.

काका म्हणाले, "कशाचं त्रेचाळीस? दाकला हाय ना तुजा."

"दाखला तुम्ही लिहून घेतला, काका. मी शेजारीच उभा होतो."

"मला तर याद न्हाई. कोन म्हन्तंय?"

"अक्का म्हणायची."

तुझं नाव निघालं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुज्या भल्यासाटी केलतं रं."

"माहीत आहे. त्याचा राग नाही. पण ती वर्षं कागदावरून गेली, अंगावरून गेली नाहीत."

काकू वर्षाकडे न बघता म्हणाल्या, "आमाला काय ठाव? बोललो जिवाच्या तळमळीनं. मागं घेते मी माजा सबुद." त्यांना तेवढंच जमलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. शेजारचा एकजण बाहेर माझ्यामागून आला, इकडे-तिकडे बघत हळूच विचारलं, कोणती तपासणी, कुठं होते. मी त्याला नांदेडचा पत्ता दिला. तो माझ्याच वयाचा आहे, दाखल्यावर तोही एक जूनचाच.

आणखी एक. ह्या आठवड्यात वर्गात प्रजननाचा धडा होता. ते वाक्य आलं तेव्हा मी खडू ठेवला आणि पुढचं सांगितलं, की तयार होतात आयुष्यभर, पण वयाबरोबर त्यांचा कस उतरतो, आणि घर उभारायचं कधी हे ठरवताना फक्त बाईचं वय मोजणं ही निम्मीच बेरीज आहे. मागच्या बाकावर पोरं खुसखुसली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, हे परीक्षेला येतं का?" मी म्हणालो, नाही येत, तरी लिहून घ्या. आता दरवर्षी सांगणार आहे. कुणी हसलं तरी सांगणार आहे.

तंबाखू सोडून सोळा दिवस झाले. डोकं दुखतं, चिडचिड होते, सकाळी रिंगरोडला चालायला जातो तेव्हा तुझ्या शिव्या आठवतात. मूल होईल की नाही, मला ठाऊक नाही. होईल असं तुला आश्वासन देऊन हा मजकूर गोड करायचा नाही. नाहीच झालं तर ते आम्हा दोघांचं दुःख असेल, वर्षाच्या एकटीच्या माथी मारलेलं नसेल, एवढं मात्र मी बघणार. तू अर्ध्या तालुक्यातल्या गड्यांना जे शिकवत फिरलीस ते तुझ्या घरातल्याला सगळ्यांत शेवटी कळलं. उशीर झाला, त्यातला काही उशीर भरून येणारा नाही, आणि तरी मला शिकवायचं तू सोडलं नाहीस, ह्याचे उपकार मी कुठे ठेवू ते मला समजत नाही.

काल गावाहून परत येताना जीपमध्ये वर्षा खिडकीकडे तोंड करून बसली होती. औसा मागे टाकल्यावर म्हणाली, "मी रागावलेलीच आहे. अजून बरेच दिवस रागावणार आहे, लक्षात ठेवा."

मी हो म्हणालो.

"सोमवारची रजा टाकलीय मी. आधी बाबांकडे जायचं, मग दवाखान्यात. फॉर्म नवीन मागायचा. तुम्ही भरायचा, मी शेजारी बसून बघणार."

उद्या सोमवार आहे, अक्का.